मोठी भिंत, मुंबईची हवा: विद्यापीठाच्या अभ्यागत केंद्रासाठी भित्तिचित्र आखताना

विद्यापीठाच्या अभ्यागत केंद्रात मोठं भित्तिचित्र करायचं ठरलं की पहिली बैठक हमखास विषयावर होते. राजाबाई टॉवर घ्यायचा, पदवीदानाच्या टोप्या घ्यायच्या, की सगळंच वारली शैलीत करायचं? दोन तास जातात आणि प्रत्यक्ष भिंत बघायला कोणी खुर्चीतून उठत नाही. मुंबईत तरी हा क्रम उलटा हवा. भिंतीच्या पाठीमागे शौचालय आहे का, ती विटेची आहे की जिप्समची, समोर किती जागा मोकळी आहे, यावर चित्र टिकणार की नाही आणि दिसणार कसं, हे दोन्ही ठरतं.

आधी जागेचं बघू. मान न वळवता एखादी रचना अख्खी पाहायची तर साधारण तिच्या रुंदीइतकं लांब उभं राहावं लागतं. भिंत ९ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि समोरची लॉबी ४ मीटर खोल असेल, तर ते ९ मीटर कोणालाही एका नजरेत दिसणार नाहीत. डिझायनरच्या पडद्यावर मात्र चित्र कायम अख्खंच दिसतं, आणि समितीही तेच पाहून मान डोलावते. म्हणून अशा जागी रचना तीन-चार मीटरच्या टप्प्यांत बांधावी. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे पाहता आला पाहिजे आणि चालता चालता पुढच्याकडे ओढला गेला पाहिजे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ‘भारत भाग्य विधाता’ आहे, ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच. पाचास एक असं प्रमाण असलं की चित्र चालत बघायचं असतं, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

मंजुरी घेताना पडद्यावरचं चित्र दाखवू नये. एका टप्प्याचा काळा-पांढरा प्रिंट खऱ्या मापात, साध्या कागदाच्या पट्ट्यांवर काढावा, मास्किंग टेपने भिंतीवर लावावा आणि तीन ठिकाणांहून बघावा: दारातून आत शिरताना, स्वागतकक्षाच्या खुर्चीतून आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटरवरून. एवढ्यानेच निम्मे वाद मिटतात.

भिंतीचे उंचीनुसार पट्टे पाडले की आणखी बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. खालचे १५ सेंटिमीटर पोछा आणि फिनेलचे. तिथे चित्र नेऊ नये, स्कर्टिंग ठेवावं. त्याच्या वर ९० सेंटिमीटरपर्यंत खुर्च्यांच्या पाठी, बॅगा आणि भिंतीला टेकवलेले बूट. प्रवेशाच्या दिवसांत पालकांची रांग याच भिंतीला लागून उभी असते. या पट्ट्यात सपाट फिकट रंग नको. मध्यम गडद, थोडी गजबजलेली नक्षी चालते, कारण तिच्यात डाग लपतो आणि डागडुजीही. मजकूर १.२ ते १.६ मीटरमध्ये. चेहरे किंवा महत्त्वाचे तपशील त्याच्या वर, म्हणजे उद्घाटनाची समई, फुलांची कुंडी आणि कुठल्याशा परिषदेचा स्टँडी समोर आला (आणि तो येणारच) तरी झाकले जात नाहीत. भिंतीतून पुढे येणारं काही करणार असाल तर जमिनीपासून ७० सेंटिमीटर ते २ मीटर या उंचीत ते १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे नको; पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला ते काठीत सापडत नाही, थेट खांद्याला लागतं. अग्निशमनाची पेटी, बाहेर पडण्याचे फलक आणि वीजपेटीचं दार रचनेच्या पहिल्या आराखड्यापासूनच दाखवायचं. ते ‘नंतर चित्रात मिसळू’ म्हणणाऱ्याला अग्निशमन अधिकारी मिसळू देत नाही.

आता ओल. मार्चमध्ये ठणठणीत कोरडी दिसणारी भिंत काहीच सांगत नाही. तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी. ४५ × ४५ सेंटिमीटरचं जाड पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी टेप मारून भिंतीवर हवाबंद चिकटवायचं आणि किमान १६ तास ठेवायचं. आतल्या बाजूला दव धरलं किंवा प्लास्टिकखालचं प्लास्टर गडद झालं, तर भिंतीत पाणी आहे. हे निदान तीन ठिकाणी करावं: जमिनीलगत, खिडकीच्या चौकटीखाली आणि शौचालयाच्या किंवा एसीच्या पाण्याच्या पाइपाच्या बाजूला. अभ्यागत केंद्राच्या भिंतीमागे वॉटर कूलर असला तर चौथं ठिकाण तेच.

ओल स्वतः जेवढं नुकसान करत नाही तेवढं तिच्यासोबत येणारे क्षार करतात. पाणी विटा-प्लास्टरमधले क्षार विरघळवत पृष्ठभागाशी येतं, तिथे सुकतं आणि मागे पांढरी भुकटी ठेवतं, तोच लोणा. हे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढले की थराला आतून ढकलतात आणि पोपडे सुटतात. म्हणून समोरून ‘डॅम्प-प्रूफ’ कोट मारून वर चित्र काढणं हा उपाय नव्हे. पाणी दुसरी वाट शोधतं, आणि ती बहुधा चित्राच्या कडेनेच निघते. आधी गळती बंद करायची, लोणा लागलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडायचं, नवीन प्लास्टर करायचं आणि चार आठवडे तसंच सोडायचं. ताज्या सिमेंट प्लास्टरचा सामू (पीएच) १२-१३ असतो आणि तो काही रंगद्रव्यं अक्षरशः जाळतो. ओल्या पीएच पट्टीने तपासून तो ९च्या खाली आल्यावरच अल्कली सोसणारा प्रायमर लावावा.

चार आठवडे थांबायला कोणी तयार नसतं, कारण पाहुण्यांची तारीख आधीच ठरलेली असते. अशा वेळी, आणि एरवीही मुंबईत, सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे चित्र भिंतीवर न करता भिंतीपुढे करणं: अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पॅनेल, मागे २५ ते ४० मिलिमीटर पोकळी, वर आणि खाली किमान १५ मिलिमीटर हवेला वाट. भिंत मागे श्वास घेत राहते आणि उद्या पाइप फुटला तर दोन पॅनेल काढून दुरुस्ती होते.

पॅनेल म्हणजे बहुधा ८ × ४ फुटांच्या अॅल्युमिनियम कंपोझिट शीट. इथे सांध्यांचं गणित चुकतं. अॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला ०.०२४ मिलिमीटर वाढतं. २.४४ मीटरची शीट ३० अंशांच्या फरकात पावणेदोन मिलिमीटर वाढते. एसी बंद असलेल्या मे महिन्यातल्या रविवारी, काचेतून ऊन येणाऱ्या लॉबीत, एवढा फरक सहज पडू शकतो. शीट एकमेकींना घट्ट भिडवल्या तर मधोमध फुगतात. म्हणून दोन ते तीन मिलिमीटरची फट ठेवावी, एका टोकाला गोल भोक आणि बाकी ठिकाणी लांबट भोकं. अॅक्रिलिक तर याच्या जवळजवळ तिप्पट वाढतं. आणि ही फट चेहऱ्याच्या नाकावर किंवा अक्षराच्या पोटातून जाणार नाही, अशा रीतीने सांध्यांची जाळी आधी काढून मगच चित्र मांडावं. इमारतीचा स्वतःचा एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे बांधकामात मुद्दाम सोडलेली फट, मध्ये येत असेल तर तिथे चित्र थांबवायचं. त्याच्यावरून काहीही नेलं तरी ते फाटतं. समुद्राच्या वाऱ्याला उघड्या लॉबीत स्क्रू आणि धातूची अक्षरं ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावीत. ३०४वर तपकिरी डाग लवकर येतात.

ठोकायच्या आधी भिंत कशाची आहे तेही विचारा. विटेत साधा फास्टनर चालतो, हलक्या एएसी ब्लॉकमध्ये (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या काँक्रीटमध्ये) तो फिरत राहतो आणि त्याला त्या ब्लॉकचाच फास्टनर लागतो. जिप्सम पार्टिशन असेल तर आतल्या उभ्या पट्ट्या शोधायच्या, त्या साधारण ६०० मिलिमीटरवर असतात. नुसत्या बोर्डाला लटकवलेलं काम कधीतरी खाली येतं. फोर्टच्या बाजूचं वारसा बांधकाम असेल तर प्रश्नच मिटला: तिथे दगडाला आणि चुन्याच्या गिलाव्याला हात लावायचा नाही, पायावर उभं राहणारं स्वतंत्र पॅनेल करायचं, आणि तेही वारसा समितीच्या परवानगीने.

थेट भिंतीवर विनाइल, म्हणजे छापील चिकट प्लास्टिक फिल्म, चिकटवण्याचा मोह स्वस्तात होतं म्हणून पडतो. दोन गोष्टी आड येतात. आजकालचे महागडे ‘डाग न धरणारे’ इमल्शन रंग विनाइललाही धरत नाहीत. आणि नवा रंग वरून सुकला तरी आतून पक्का व्हायला महिनाभर घेतो. त्यामुळे आधी ५ × ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या वेगवेगळ्या जागी चिकटवून २४ तासांनी काटकोनात ओढून पाहाव्यात. पट्टी अलगद आली तर गोंद धरत नाही. पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा आला तर दोष पुट्टीचा आहे आणि विनाइल बदलून काही होणार नाही. निविदेत नुसतं ‘विनाइल प्रिंट’ लिहिलं की सर्वांत कमी दरवाला मोनोमेरिक विनाइल आणतो. ते काही महिन्यांत आकसतं आणि पट्ट्यांच्या मध्ये भिंत दिसू लागते. ‘कास्ट किंवा पॉलिमेरिक, वर मॅट लॅमिनेशन, सर्व पट्ट्या एकाच बॅचच्या रोलवर’ असं स्पष्ट लिहावं, आणि एक चौरस मीटरचा मंजूर नमुना मोजमापाच्या वहीसोबत जपून ठेवावा. बिलाच्या वेळी त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

छपाईची फाइल. मोठ्या भिंतीला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं, ही अंधश्रद्धा आहे. एक मीटरवरून नजरेला इंचाला ८५-९०च्या पुढचे ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत, तीन मीटरवरून तर ३०देखील पुरतात. खऱ्या मापात १०० घेतले तरी भरपूर. ९ × ३ मीटरला १०० डीपीआय म्हणजे ३५,४३३ × ११,८११ पिक्सेल, चार रंगांत साधारण १.७ जीबी. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलला थांबते, म्हणून मोठ्या मापाची पीएसबी ठेवावी लागते. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरचा नेहमीचा आर्टबोर्डही पावणेसहा मीटरच्या आसपास संपतो. सरळ एकास दहा मापात, ९० × ३० सेंटिमीटरवर काम करावं, छायाचित्रं तिथे १००० डीपीआयची घ्यावीत आणि फाइलच्या नावातच ‘१-१०’ लिहावं. रोल १.३७ मीटरचा असेल, छापील रुंदी १.३५ धरली आणि एका पट्टीवर दुसरीचा २० मिलिमीटरचा चढ ठेवला, तर प्रत्येक पट्टी १.३३ मीटर पुढे सरकते. ९ मीटरला सात पट्ट्या. यंत्राच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या छटेत बारीक फरक असतो. सपाट निळ्यात तो जोडावर लगेच दिसतो, म्हणून एकाआड एक पट्टी उलटी फिरवून छापायची, म्हणजे शेजारच्या कडा यंत्राच्या एकाच बाजूने आलेल्या असतात. शाई इको-सॉल्व्हंट असेल तर लॅमिनेशनआधी २४ ते ४८ तास रोल सैल उलगडून ठेवावा. घाई केली तर अडकलेलं द्रावक गोंद मऊ करतं आणि कडा उचलल्या जातात.

अक्षरांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण मुंबईत सर्वांत वाईट हाल देवनागरीचे होतात. इंग्रजीसाठीचा ढोबळ नियम आहे: दर ३ मीटर अंतराला २५ मिलिमीटर अक्षर. देवनागरीला आमच्या मते त्याच्या दीडपट द्यावं, कारण ‘द्ध’, ‘ष्ट्य’ यांची पोटं आधी बुजतात. माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं धरायचं, वेलांटी आणि उकार सोडून. सॉफ्टवेअरमध्ये १०० मिलिमीटरचा टाइप दिला म्हणजे १०० मिलिमीटरचं अक्षर येत नाही. बऱ्याच देवनागरी टाइपांत ते निम्म्याच्या थोडं पुढे-मागे भरतं. ओळींमधलं अंतरही जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो.

मजकूर कार्यालयातून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये येतो. रूपांतर केल्यावर रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. हे संगणक पकडत नाही, मराठी वाचणारा माणूस पकडतो. भाषा मराठी निवडली नाही तर अनेक टाइपांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या टाइप बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टाइप मोफत वापरता येतात आणि मोठ्या मापात त्यांचा तोल बिघडत नाही. छपाईला द्यायच्या आधी सगळी अक्षरं आउटलाइन करावीत (म्हणजे टाइपऐवजी नुसते आकार), आणि त्यानंतर, त्याच्या आधी नाही, कागदावर काढून दोन माणसांकडून वाचून घ्यावीत.

अक्षरं अॅक्रिलिक किंवा धातूत कापून लावायची असतील तर देवनागरीची एक सोय आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच तुकडा होतो, ओळ वाकडी होण्याची भीती कमी. पण अनुस्वार, विसर्ग आणि ‘ङ’चा टिंब सुटे राहतात. त्यांच्यासाठी खऱ्या मापाचा कागदी साचा भिंतीवर लावूनच भोकं पाडायची. अंदाजाने लावलेला अनुस्वार दहा मीटरवरूनही खटकतो. आणि सुटा टिंब मागे एका खिळीवर नव्हे, दोन खिळ्यांवर बसवावा. एकावर तो फिरतो आणि शेवटी कोणाच्या तरी खिशात जातो.

हाताने रंगवायचं ठरलं तर हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असेल तर ब्रश उचलू नये. पावसाळ्यात एसी सतत चालू असलेल्या बंद लॉबीतच काम शक्य आहे. ९ × ३ मीटर म्हणजे २७ चौरस मीटर, साधारण २९० चौरस फूट. गुळगुळीत पुट्टीवर लिटरमागे एका हाताला १० चौरस मीटर धरले तर प्रायमर ३ लिटर, पायाच्या रंगाचे दोन हात ६ लिटर. एखादा हिरवा ९ चौरस मीटरवर असेल तर दोन हातांना वाया जाणं धरून २ लिटर. तेवढाच पिवळा किंवा केशरी मात्र झाकत नाही, चार हात घेतो, म्हणजे ४ लिटर. त्याखाली पांढरा पक्का असावा. दुकानातल्या छटा मिसळणाऱ्या टिंटिंग यंत्रावर एकाच कोडचे दोन डबेही तंतोतंत सारखे येत नाहीत, म्हणून सगळे एका बादलीत एकत्र करूनच सुरुवात करावी. ऊन येणाऱ्या भिंतीवर गेरू, पिवळी माती यांचे आयर्न ऑक्साइड रंग आणि थॅलो निळा-हिरवा टिकतात, फ्लुओरोसंट गुलाबी सर्वांत आधी उडतो.

आराखडा भिंतीवर उतरवायला ५० सेंटिमीटरची चौकट: १८ × ६, एकूण १०८ घरं, सूत मारून आणि ओळंबा लावून. छताची कड आधार धरू नका, ती क्वचितच समपातळीत असते. प्रोजेक्टर रात्री आणि भिंतीसमोर अगदी सरळ ठेवला तरच कामाचा, तिरका ठेवला की वर्तुळांची अंडी होतात. अक्षरं आणि चिन्हं मात्र खाक्यानेच उतरवावीत: बटर पेपरवरच्या रेषेवर सुईने भोकं पाडायची आणि पुरचुंडीत खडूची पूड घेऊन वरून थोपटायचं. गेरू किंवा कोळसा घेतला तर तो फिकट रंगातून वर येतो.

प्रकाशाचं थोडक्यात. दिवे भिंतीला अगदी चिकटून खाली मारले तर करणीची प्रत्येक लाट दिसते. पुट्टीनंतर टॉर्च भिंतीला समांतर धरून फिरवला की हे आधीच कळतं. २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर पुट्टीवाल्याला परत बोलवावं. दिवे भिंतीच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके दूर आणि रंग खरे दाखवणारे, ९० सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात याचं माप) घ्यावेत.

आणि आता विषय. मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी राजाबाई टॉवर मधोमध ठेवण्याचा मोह आवरत नाही, पण ८५ मीटरचा उभा मनोरा आडव्या भिंतीत काडीसारखा दिसतो आणि दोन्ही बाजूंना पेन, पुस्तक, टोपी भरावी लागते. त्यापेक्षा तपशील मोठा करावा. दीक्षान्त सभागृहाच्या गोल खिडकीतलं रंगीत काचेचं राशिचक्र किंवा मनोऱ्यावरचे पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे दगडी पुतळे मोठ्या भिंतीवर उठून दिसतात. पक्क्या रंगात न बदलणाऱ्या गोष्टीच लिहाव्यात: १८५७ची स्थापना, १८७८मध्ये पुरा झालेला मनोरा. संलग्न महाविद्यालयांचा आकडा, मानांकनाचा दर्जा आणि विद्यमान पदाधिकाऱ्यांची नावं सुट्या पट्टीवर, चार स्क्रूंत निघतील अशी.

शेवटी करार. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला आपल्या कामाच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागू देतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९मध्ये काढलं गेलं. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. भिंत पाडायची किंवा तिच्यातून दार काढायचं झालं तर कलाकाराला किती दिवस आधी कळवायचं, सुटी पॅनेल कोणाकडे जाणार आणि छायाचित्रांची नोंद कोण करणार, हे कामाच्या आदेशातच लिहून घ्यावं. त्याला जोडूनच देखभालीचं एक पान असावं: मायक्रोफायबर, साधा सौम्य साबण, ॲसिड-फिनेल बंद. प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर, कोड आणि मिसळल्याची तारीख लिहून, कोणत्या खोलीतल्या कोणत्या कपाटात ठेवला आहे तेही त्याच पानावर.